दोस्तीचा तह आणि फौजेचं बिल

'एकावर हल्ला म्हणजे दोघांवर हल्ला.' सप्टेंबर २०२५ मध्ये रियाधला सौदी अरेबिया आणि पाकिस्तानने संरक्षण करार केला, तेव्हा हे वाक्य टीव्हीवर दिवसभर फिरत होतं. जणू जगात पहिल्यांदाच कुणीतरी असं काही लिहिलंय. १९४९ च्या नाटो कराराचं पाचवं कलमही हेच सांगतं. आणि मंडळी, आपल्या महाराष्ट्रात हे वाक्य त्याच्याही जवळपास दीडशे वर्षं आधी कागदावर उतरलेलं आहे. ३१ डिसेंबर १८०२, ठिकाण वसई. एका बाजूला दुसरे बाजीराव पेशवे, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी. तहाचं पहिलंच कलम: मैत्री कायमची राहील, एकाचे मित्र ते दोघांचे मित्र, एकाचे शत्रू ते दोघांचे शत्रू.

म्हणजे कागदावर अगदी बरोबरीचा, दोस्तीचा, संयुक्त संरक्षणाचा करार. पंधरा-सोळा वर्षांत त्यातला एक दोस्त शिल्लकच राहिला नाही.

शाळेत आपण हे सगळं 'तैनाती फौज: टीपा लिहा' या एका प्रश्नात उरकलं. चार ओळी पाठ केल्या, मार्क मिळाले, विषय संपला. वर आपल्याकडे एक तयार उत्तर असतंच: फितुरी. आपले लोक फुटले म्हणून राज्य गेलं. फितुरी नव्हती असं माझं म्हणणं नाही, भरपूर होती. पण फितुरी हे उत्तर दिलं की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. इंग्रजांच्यात भांडणं नव्हती का? होती की. मग त्यांचं राज्य का फुटलं नाही?

आमच्या धंद्यात एक सवय लागते. नगरपालिकेचा कुठलाही करार हातात आला की पहिलं पान सोडून द्यायचं. तिथे 'विकास', 'सहकार्य', 'जनहित' असले शब्द असतात. थेट शेवटच्या पानांवर जायचं: पैसे कोण देणार, कधी देणार, वाद झाला तर कुणापुढे जायचं आणि सही करण्याचा अधिकार कुणाला. तह वाचतानाही हीच सवय उपयोगी पडते. चला, तशीच सुरुवात करू.

आधी १७७५. रघुनाथराव, म्हणजे आपला राघोबादादा, पेशवाईसाठी इंग्रजांकडे गेला आणि मुंबईच्या इंग्रजांनी त्याच्याशी सुरतेचा तह करून टाकला. साष्टी आणि वसईवर त्यांचा फार दिवस डोळा होता. पण दोनच वर्षांपूर्वी, १७७३ मध्ये, लंडनच्या पार्लमेंटने कायदा केला होता की हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या युद्ध आणि तहाच्या बाबतीत शेवटचा शब्द कलकत्त्याचा. कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईला खडसावलं, तो तह नामंजूर केला आणि १७७६ मध्ये आपला माणूस पाठवून पुरंदरचा वेगळा तह केला. मुंबईवाल्यांनी तरी ऐकलं का? नाही. त्यांनी पुन्हा राघोबाला धरून पुण्यावर चाल केली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी त्यांना कोंडून नाक घासायला लावलं. तिथे केलेला करारही कलकत्त्याने मानला नाही.

यात इंग्रजांचा गोंधळ दिसतो, हेवेदावे दिसतात, लबाडी तर दिसतेच. पण त्या गोंधळातून एक गोष्ट ठरत गेली. सही कुणाची चालणार? १७८४ च्या कायद्याने ती गाठ आणखी आवळली. मुंबई किंवा मद्रासचा गव्हर्नर कितीही मोठा असला तरी त्याने परस्पर केलेला तह रद्द होऊ शकत होता. भांडणं थांबली नाहीत, पण ती मिटवण्याची जागा ठरली.

आता आपल्या बाजूला या.

वडगावच्या विजयानंतर नाना फडणवीसांनी जे केलं ते खरोखर दाद देण्यासारखं होतं. १७८० च्या सुमारास त्यांनी इंग्रजांविरुद्ध चौघांची मोट बांधली. पेशवे, म्हैसूरचा हैदर अली, हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले. बेत असा, की हैदरने मद्रासवर जायचं, निजामाने पूर्व किनाऱ्यावरच्या इंग्रज मुलखावर, भोसल्यांनी ओरिसातून बंगालवर आणि पेशव्यांच्या सरदारांनी गुजरात-कोकण सांभाळायचं. सगळीकडून एकदम. नकाशा समोर ठेवून बघा, हिंदुस्थानभर पसरलेली एवढी मोठी संयुक्त लष्करी योजना त्या शतकात दुसरी सापडणं कठीण.

हैदर ठरल्याप्रमाणे जुलै १७८० मध्ये कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरात पोल्लिलूरला कर्नल बेलीची फौज त्याने पार मोडली. इंग्रज हादरले. पण बाकीचे? वॉरन हेस्टिंग्जने गुंटूरचा प्रश्न निजामाच्या मनासारखा सोडवला आणि निजाम घरी बसला. नागपूरकरांची फौज कटकपर्यंत रमतगमत गेली, तिथे थांबली, आणि हेस्टिंग्जकडून पैसा घेऊन शांत झाली. बंगाल वाचला. शेवटी १७ मे १७८२ ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. त्यात हैदरने जिंकलेला मुलूख पेशव्यांनी त्याला परत करायला लावायचा, असं कलम होतं. हैदरला विचारलंही नव्हतं! जो दोस्त एकटा खऱ्या अर्थाने लढला, त्याच्याच खिशातून तडजोड केली गेली. नानांना ते कलम रुचणारं नव्हतंच. त्यांनी मंजुरी लांबवली, आणि डिसेंबरात हैदर वारला तेव्हा कुठे पुढच्या फेब्रुवारीत तह पक्का झाला.

निजाम आणि भोसले दगाबाज होते म्हणून मोकळं व्हायचं? मला ते पुरेसं वाटत नाही. त्या चौघांना एकत्र बसायला जागाच नव्हती. चौघांचा मिळून खजिना नव्हता. एकजण थांबला तर बाकीच्यांनी काय करायचं, हे ठरलेलं नव्हतं. सगळी युती नानांची बुद्धी, त्यांचे वकील आणि पत्रांच्या थैल्या यांच्यावर उभी होती. आणि नानांची बातमीदारी जबरदस्त होती, हे त्यांच्या शत्रूंनीही मान्य केलेलं आहे. माहिती कमी पडली नाही. ठरवलेलं दुसऱ्यावर बंधनकारक करणारी यंत्रणा नव्हती.

मराठ्यांच्या घरातही तीच गत. पेशवा हा कागदोपत्री सातारच्या छत्रपतींचा प्रधान. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्या फौजा त्यांच्या त्यांच्या. पगार त्यांच्या त्यांच्या मुलखातून. थोरल्या माधवरावांसारखा खमका पेशवा असला की सगळे एका निशाणाखाली येत. तसा नसला की प्रत्येकजण स्वतःपुरता तह करायला मोकळा. महादजी सालबाईला मध्यस्थ आणि हमीदार म्हणून उभे राहिले, हा त्यांचा मोठेपणा होता, आणि पेशव्याच्या तहाला त्याच्याच सरदाराची हमी लागावी ही व्यवस्थेची पडझडही होती. दोन्ही एकाच वेळी खरं.

१७९० मध्ये फासा उलटा पडला. आता शत्रू टिपू आणि इंग्रज आपले दोस्त. जूनमध्ये पुण्यात पेशवे आणि कंपनीचा करार झाला, जुलैत निजामाचा. जिंकलेलं तिघांत सारखं वाटायचं ठरलं, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला खरोखर तसं वाटलंही गेलं. टिपूचं अर्धं राज्य गेलं, वर ३ कोटी ३० लाख रुपयांची खंडणी. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन त्या मोहिमेत होते. बरोबरीचा म्हणावा असा हा शेवटचा करार. कारण तेव्हा पुण्याकडे नाही म्हणण्याची ताकद होती. लगेच ती दिसलीही: लॉर्ड कॉर्नवॉलिसने पुढे सुचवलं की तिघांनी एकमेकांच्या राज्याची कायमची हमी घ्यावी. नानांनी ते काही पुढे जाऊ दिलं नाही. निजामाकडे चौथाईची थकबाकी होती. हमी घेतली तर ती वसूल कशी करणार? आणि वाद झाला तर न्याय कोण करणार, हे नानांना न सांगता कळत होतं.

ती थकबाकी नानांनी मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला वसूल केली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेडजवळचं खर्डा. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन, सगळे झाडून हजर. असं ते शेवटचंच.

खर्ड्याची एक बाजू आपण फारशी सांगत नाही. निजामाच्या पदरी तेव्हा इंग्रजांच्या दोन पलटणी होत्या. खर्च निजामाचा. पण मराठे कंपनीचे दोस्त, म्हणून त्या पलटणी मराठ्यांविरुद्ध वापरायच्या नाहीत, असा गव्हर्नर जनरल सर जॉन शोरचा निर्णय. निजाम हरला आणि त्याने पैसे भरलेली फौज लढाईपासून लांबच राहिली. बिल एकाचं, हुकूम दुसऱ्याचा. चिडून निजामाने त्या पलटणींना निरोप दिला आणि रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराची कवायती फौज वाढवली.

मग १७९८ मध्ये लॉर्ड वेलस्ली आला. त्याने त्याच निजामाशी १ सप्टेंबर १७९८ ला नवा तह केला: सहा पलटणी, वर्षाला २४ लाखांवर रुपये रोख, आणि फ्रेंचांना हाकला. ऑक्टोबरात हैदराबादची फ्रेंच पलटण बंदुका खाली ठेवून मोडली गेली. दोन वर्षांनी पुढची पायरी. रोख रकमेत उशीर होतो, कटकट होते, त्यापेक्षा मुलूखच लिहून द्या. १८०० मध्ये निजामाने बल्लारी, कडप्पा वगैरे भाग देऊन टाकला. कुठला होता हा भाग? टिपूशी लढून १७९२ आणि १७९९ मध्ये निजामाच्या वाट्याला आलेला! म्हणजे दोस्तीत जे मिळालं ते दोस्तीच्याच बिलात परत गेलं. एवढी स्वच्छ वसुली आमच्या तालुक्यातल्या कुठल्या सावकारालाही जमली नाही.

रोख आणि मुलूख यातला फरक बारीक वाटतो, पण तो बारीक नाही. रोख देणारा उद्या हात आखडू शकतो. मुलूख दिला की हातच संपला. फौजेचा पगार आता तुमच्या मर्जीवर नाही, उलट तुमचं उत्पन्न कमी झाल्याने स्वतःची फौज ठेवणं अवघड. मग त्या परक्या फौजेवाचून तुमचं चालत नाही.

इकडे पुण्यात काय चाललं होतं ते भराभर सांगतो, कारण ते वाचवत नाही. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले. गादीसाठी वर्षभर कारस्थानं. बाजीरावांनी मदतीच्या बदल्यात दौलतराव शिंद्यांना दोन कोटी कबूल केले. खजिन्यात तेवढे होते कुठे? मग शिंद्यांच्या सासऱ्याने, सर्जेराव घाटग्याने, पुण्याच्या सावकारांकडून आणि कारभाऱ्यांकडून मारहाण करून पैसे काढले. मार्च १८०० मध्ये नाना गेले. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावांनी विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिलं. त्याचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा त्याने धुव्वा उडवला. बाजीराव सिंहगड, महाड करत किनाऱ्याला पोचले आणि तिथून समुद्रमार्गे वसईला.

वसईत सही करताना त्यांच्यापाशी राजधानी नव्हती, फौज नव्हती आणि खजिना नव्हता. अशा माणसाने केलेला 'बरोबरीचा' तह होता तो.

आता त्याची मागची पानं. कंपनीने पेशव्यांना कमीत कमी सहा हजार पायदळ आणि त्याला साजेसा तोफखाना द्यायचा, कायमचा. खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांनी तोडून द्यायचा. (पुढच्याच वर्षी त्यातला बराच भाग बदलून कंपनीने बुंदेलखंडातला मुलूख मागून घेतला, तिथे तो तिला जास्त सोयीचा होता.) इंग्रजांशी ज्यांचं युद्ध चालू असेल अशा युरोपियनांना नोकरीत ठेवायचं नाही. सुरतेवरचा हक्क सोडायचा. कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. आणि निजाम किंवा गायकवाड यांच्याशी देण्याघेण्याचा वाद असेल तर कंपनी लवाद, तिचा निकाल मान्य करायचा. ज्या लवादाला नानांनी दहा वर्षांपूर्वी दार दाखवलं होतं, तो आता घरात आला.

एक कलम मात्र वाचून हसू येतं. ही फौज किरकोळ कामाला वापरायची नाही, शिबंदीसारखी वसुलीला बसवायची नाही, मुलूखगिरीला न्यायची नाही, आणि मराठी राज्याच्या मुख्य सरदारांविरुद्धही वापरायची नाही. इंग्रजी मसुद्यात 'शिबंदी' आणि 'मुलूखगिरी' हे आपले शब्द जसेच्या तसे आहेत. म्हणजे पैसे देणाऱ्याने फौज कुठे वापरायची नाही, याची यादी पक्की. कंपनीने मात्र १८०३ च्या ऑगस्टमध्ये शिंदे आणि भोसल्यांशी युद्ध सुरू केलं. त्या मोहिमेत कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली हैदराबादची तैनाती फौज होती, म्हणजे निजामाच्या मुलखावर पोसलेली. वेलस्लीबरोबर पेशव्यांच्या बाजूने बापू गोखलेही होते. होय, तेच बापू गोखले.

२३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. यशवंतराव होळकर लांबून बघत राहिले. शिंद्यांच्या कवायती कंपूतले कित्येक युरोपियन अधिकारी इंग्रजांचा जाहीरनामा निघताच पेन्शनच्या आशेने निघून गेले, आणि त्यांचा मुख्य पेरॉन स्वतः इंग्रजांच्या आश्रयाला गेला. दोन दिवस भोसल्यांचा देवगावचा तह, तेरा दिवसांनी शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा, असं गाविलगडानंतर पंधरवड्यात आटोपलं. वेगवेगळे तह, वेगवेगळ्या अटी. होळकर पुढच्या वर्षी लढायला उठले तेव्हा बाकीचे बसलेले होते. मॉन्सनची फौज त्यांनी पळता भुई थोडी करून सोडली, भरतपूरसमोर लॉर्ड लेकचे हल्ले फसले, पण शेवटी १८०५ मध्ये त्यांनाही तह करावा लागला. हे तिघे एकाच वर्षी, एकाच ठरावाने लढले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीवरही विचारला जातो. मला वाटतं तो प्रश्न इतकाच, की तो ठराव कुणी करायचा होता? कुठल्या दरबारात? पेशवा तर तोपर्यंत कंपनीला विचारल्याशिवाय कुणाशी बोलूही शकत नव्हता.

इथे आजचा एक दाखला देतो, कारण 'मोठ्याशी करार केला की लहान संपतोच' असाही काहींचा समज होईल. नाटोतही ताकद समान नाही. १९५१ पासून युरोपातला सर्वोच्च सेनापती कायम अमेरिकनच राहिला आहे. पण १९६६ मध्ये फ्रान्सच्या द गॉलने अमेरिकेला कळवलं की आमचं सैन्य तुमच्या संयुक्त कमांडखालून बाहेर काढतोय, आणि फ्रेंच भूमीवरचे तळ हलवा. अमेरिका चरफडली. पण १९६७ मध्ये नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला गेलं. फ्रान्स करारात राहिला, कमांडमधून बाहेर पडला आणि २००९ मध्ये परत आला. फ्रान्सला हे जमलं, कारण त्याचं सैन्य त्याच्या पगारावर होतं आणि अणुबॉम्ब त्याचा स्वतःचा. शिवाय नाटोत निर्णय सगळ्यांच्या संमतीने होतात, त्यामुळे लहान देशालाही अडून बसता येतं. फिनलंड आणि स्वीडनला आत घ्यायचं होतं तेव्हा तुर्कस्तान आणि हंगेरीने किती महिने ताटकळत ठेवलं, ते आपण पाहिलंच. स्वीडनला मार्च २०२४ उजाडला. कटकटीचं आहे, पण या अडून बसण्यालाच तिथे राज्य म्हणतात.

बाजीरावांना असं अडता येत नव्हतं. मे १८०३ मध्ये ते इंग्रज फौजेच्या बंदोबस्तात पुण्यात परतले. पुढची काही वर्षं वरवर शांततेची. शिरूरला, घोडनदीच्या काठी, तैनाती फौजेची छावणी. पुण्यात संगमावर रेसिडेंटचा बंगला. आधी बॅरी क्लोज, १८११ पासून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. रेसिडेंट बदलला तरी दप्तर बदलत नव्हतं. आधीच्याने काय लिहिलं, काय कबूल करून घेतलं, ते पुढच्याच्या टेबलावर हजर. आपल्याकडे कारभारी गेला की त्याच्या डोक्यातलं त्याच्याबरोबर गेलं, आणि मागच्याने केलेलं पुढच्याने मोडलं.

मग एक साधा हिशेबाचा वाद आला. गायकवाडांकडची जुनी बाकी आणि अहमदाबादचा इजारा. पूर्वी असता तर पेशव्याने पत्र धाडलं असतं, गायकवाडाने टाळाटाळ केली असती, थोडं घासाघीस करून मिटलं असतं. आता लवादाचं कलम होतं. बडोद्याचे गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यात बोलणी करायला आले. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात, विठोबाच्या दर्शनाहून परतताना, त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांच्या लाडक्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर. एल्फिन्स्टनने त्रिंबकजींना मागून घेतलं, ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, ते सप्टेंबर १८१६ मध्ये निसटले. आणि या एका खुनाच्या धाग्याला धरून १३ जून १८१७ ला पुण्याचा नवा तह बाजीरावांवर लादला गेला. मराठी राज्याचं प्रमुखपण सोडा. परदरबारी वकील ठेवू नका. आणखी ३४ लाखांचा मुलूख द्या. हिशेब गायकवाडांच्या बाकीचा सुरू झाला होता, आणि वसूल झाली पेशवाईच.

गंमत म्हणजे ही व्यवस्था घातक आहे, हे इंग्रजांपैकीच काहींना स्वच्छ दिसत होतं. ऑगस्ट १८१७ मध्ये टॉमस मन्रोने गव्हर्नर जनरलला लिहिलं, की जिथे जिथे तैनाती फौज जाते तिथलं राज्य दुबळं आणि जुलमी होतं. पूर्वी राजा वाईट निघाला तर लोक उठत, सरदार उठत, त्याला धाक असे. आता त्याच्यामागे आमची फौज उभी, मग तो कुणाला भिणार? वेलस्लीने तर १८०४ च्या खलित्यात हेतू लपवलाही नव्हता: या राज्यांपाशी आपल्याविरुद्ध एकजूट करण्याचं साधनच राहू नये. पहिल्या कलमातली दोस्ती कुणासाठी लिहिली होती, ते यावरून समजून घ्या.

बाजीरावांचा बचाव करायला मी बसलेलो नाही. विठोजीला हत्तीच्या पायी देणारा माणूस तो. पण त्याच्या जागी बरा माणूस असता तरी १८०२ नंतर त्याच्या हातात काय उरलं होतं, हे तहाच्या कलमांवर बोट ठेवून बघा.

५ नोव्हेंबर १८१७. पुण्याच्या उत्तरेला खडकी. बापू गोखले आता पेशव्यांचे सेनापती, चौदा वर्षांपूर्वी ज्यांच्या बरोबर घोडा दौडवला त्यांच्यासमोर उभे. एल्फिन्स्टन संगमावरचा बंगला सोडून फौजेत येऊन मिळाला, मागे बंगला पेटवला गेला. समोर कर्नल बरची तैनाती फौज, जिच्यासाठी २६ लाखांचा मुलूख दिला होता ती. आणि दापोडीहून तिला येऊन मिळाली कॅप्टन फोर्डची पलटण. ही तर तैनाती फौजही नव्हती. ही पेशव्यांची स्वतःची, कवायती, पेशव्यांच्या खजिन्यातून पगार घेणारी पलटण होती. फक्त अधिकारी इंग्रज.

पेशव्यांचे कारभारी मोरो दीक्षित हे या फोर्डचे मित्र. त्या दिवशी मोरो दीक्षित पेशव्यांच्या निशाणाखाली लढायला उतरले आणि तोफेच्या माऱ्यात पडले. ग्रँट डफने नोंदवून ठेवलंय, की ती तोफ फोर्डच्या पलटणीची होती.